पोलरॉइड कोलाज

पोलरॉइड कोलाज : एकच छायाचित्र अनेक पांढऱ्या चौकटींत विभागून, जणू जुने झटपट फोटो टेबलावर एकमेकांवर पसरले आहेत असा भास निर्माण करण्याची संगणकीय रीत. फोटोशॉप, गिंप अशा लेयरवर, म्हणजे चित्राच्या एकावर एक रचलेल्या थरांवर, काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती साधते. सोलापुरात लग्नाचा अल्बम, बारशाची पत्रिका आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे फोटो अशा कामांना ती चांगली शोभते.

चौकटीचे मूळ अमेरिकेत आहे. एडविन लँड यांनी 21 फेब्रुवारी 1947 रोजी न्यूयॉर्कमध्ये झटपट, म्हणजे काढल्याबरोबर फोटो हाती देणाऱ्या, छायाचित्रणाचे प्रात्यक्षिक दाखवले आणि 1948 मध्ये पहिला पोलरॉइड कॅमेरा विक्रीस आला. आज जिची नक्कल होते ती चौकट मात्र 1972 च्या एसएक्स-70 या कॅमेऱ्याची. तिच्यात चित्र 79 मिमी. चौरस आणि सबंध कागद 88 × 107 मिमी. असे. खालची रुंद पट्टी शोभेसाठी नव्हती. तिच्या आत रसायनाची पुडी असे. फोटो रुळांमधून दाबला जाऊन बाहेर येताना ती फुटे आणि रसायन चित्रभर पसरे. म्हणून चारही बाजूंना सारखी किनार ठेवली की पोलरॉइडचा भास तिथेच संपतो. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, ही मापे साधारण 933 पिक्सेलचा चौरस आणि 1039 × 1264 पिक्सेलचा कागद अशी येतात.

कृतीचा सगळा जीव एका गोष्टीत आहे : चौकट हलते, फोटो हलत नाही. आधी कागदाचा पांढरा आयत, त्यावर काळा चौरस आणि सर्वांत वर मूळ फोटो असे तीन लेयर रचतात. ऑल्ट दाबून फोटो आणि चौरस यांच्या मधल्या रेषेवर क्लिक केले की क्लिपिंग मास्क लागतो आणि फोटो चौरसापुरताच दिसू लागतो. गिंपमध्ये हेच काम लेयर मास्कने करता येते. पांढऱ्या आयताला हलकी ड्रॉप शॅडो (मागे पडणारी सावली) देऊन तिन्ही लेयरचा एक ग्रुप करतात आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती काढतात. प्रत्येक प्रतीत फक्त आयत आणि चौरस निवडून ते सरकवायचे व कंट्रोल-टीने थोडे तिरके करायचे. सरकेल तसा फोटोचा वेगळा तुकडा खिडकीतून दिसू लागतो. नवशिका हमखास सगळा ग्रुपच उचलतो. मग प्रत्येक चौकटीत तोच तुकडा येतो.

ही चूक झाली की नाही, हे नंदीध्वजाच्या फोटोत चटकन कळते. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात. उभ्या फोटोत ती उंच काठी चार-पाच चौकटींतून जाते आणि ओळंब्यासारखी उपयोगी पडते. चौकटी कितीही वाकड्या असल्या तरी काठी खालपासून वरपर्यंत सरळच राहिली पाहिजे. एखाद्या सांध्यावर ती मोडलेली दिसली, तर तिथे फोटोचा लेयर चौकटीबरोबर सरकला आहे.

त्याच फोटोत दुसरी अडचण उभी राहते. काठी पेलणारे भक्त पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. त्यांची बाही चौकटीच्या कडेला आली की कापड कुठे संपते आणि किनार कुठे सुरू होते, ते कळेनासे होते. किनार शुद्ध पांढरी न ठेवता किंचित सायीच्या रंगाची करावी आणि चौरसाच्या आतून बारीक करडी सावली द्यावी. दोन्ही पांढरे लगेच वेगळे होतात.

चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी 1982 पासून खऱ्या पोलरॉइडची कोलाजे केली, त्यांची जात वेगळी. त्यांनी प्रत्येक फोटो वेगळ्या क्षणी, वेगळ्या जागेवरून काढला. त्या रीतीने केलेल्या चित्रात काठी प्रत्येक सांध्यावर मोडेल, आणि ती मोडण्यातच गर्दीचे पुढे सरकणे दिसेल. संगणकावरचे कोलाज एकाच क्षणाचे तुकडे करते. दिसायला ते सुबक असते, पण वेळ त्यात शिरत नाही. यात्रेचे दहा-बारा फोटो हाताशी असतील तर काही चौकटींत मुद्दाम दुसऱ्या क्षणाचा फोटो घालून पाहावा. चित्र जिवंत होते.

जुनेपणासाठी उजेड-गडदपणा बदलणाऱ्या आलेखात, म्हणजे कर्व्ह्‌जमध्ये काळ्याचे टोक थोडे उचलतात, म्हणजे गडद भाग विटल्यासारखा दिसतो. त्यातल्याच निळ्या चॅनेलचे, म्हणजे फक्त निळ्या रंगाच्या आलेखाचे, वरचे टोक खाली ओढले की उजळ भागावर पिवळट छटा चढते. दोन्ही जपून करावे; सिद्धेश्वर तलावाचे पाणी पिवळे पडले की हात जास्त फिरला असे समजावे.

पार्श्वभूमीला सोलापुरी चादर स्कॅन करून घालण्याचा मोह होतो. जकार्ड मागावर विणलेली ती दाट, ठसठशीत नक्षी चौकटींशी भांडते, आणि स्कॅन करताना धाग्यांच्या विणीमुळे लहरी पट्टे उमटतात ते वेगळेच. त्यापेक्षा एकरंगी टॉवेल बरा : त्याचे उठलेले धागे सावली छान धरतात आणि गावाची ओळखही राहते.

खालच्या पट्टीवर मजकूर लिहिताना फॉन्ट वापरू नये, तो छापील वाटतो. सोलापूरच्या घरांत मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही लिहिले-बोलले जाते. घरातल्या मोठ्या माणसाकडून, त्यांच्या लिपीत, पांढऱ्या कागदावर स्केचपेनाने नाव लिहून घ्यावे, स्कॅन करून त्या चौकटीच्या ग्रुपमध्ये ठेवावे, तिच्याइतकेच तिरके करावे आणि लेयरला मल्टिप्लाय मोड द्यावा. कागदाचा पांढरा रंग नाहीसा होतो आणि पट्टीवर फक्त शाई उरते.