बारावी झाली तरी जर्मनीत एक वर्ष कमी का धरतात?

लातूर-नांदेडकडची बरीच पोरं आता जर्मनीचं बघायलीत, अन् बारावीला 90 टक्के असून डायरेक्ट ॲडमिशन का नाही म्हणून घरचे हैराण होतात. यात पोराची हुशारी कमी पडत नाही, हे आधी सांगतो. हा सगळा वर्षांचा हिशोब आहे अन् तो लई जुना आहे.

1857 ला मुंबई, कलकत्ता, मद्रास विद्यापीठं निघाली, तेव्हा मॅट्रिक म्हणजे विद्यापीठात शिरायची परीक्षा, शाळा तिच्या मागं फरफटत गेली. पुढं 1917 ला कलकत्ता विद्यापीठाच्या तपासणीसाठी सॅडलर कमिशन नेमलं, त्यांनी सांगितलं की इंटरची (मॅट्रिकनंतरची, आजच्या अकरावी-बारावीसारखी) दोन वर्षं विद्यापीठातून बाहेर काढा अन् डिग्री तीन वर्षांची करा, पण बहुतेक ठिकाणी ते तसंच पडून राहिलं.

आपला मराठवाडा तर तेव्हा निजामाकडं. 1918 ला उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या पोराला डिग्री घ्यायची तर उर्दूतून अन् तीही हैदराबादला जाऊन, किती जणांचं शिक्षण तिथंच थांबलं असेल विचार करा. 1948 ला आपण मोकळे झालो, स्वतःचं विद्यापीठ मिळालं 1958 ला. मग कोठारी आयोगानं (1964-66) देशभर 10+2+3 सुचवलं अन् सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन दहावी बोर्ड आलं.

जर्मनीत गोष्ट वेगळीच. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच शाळा वेगळ्या होतात, विद्यापीठात जायचं तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडं नेणारी शाळा) अन् शेवटी अबितूर (शाळा संपतानाची परीक्षा). पश्चिमेकडं ही 13 वर्षं होती, पूर्व जर्मनीत 12. 2000 नंतर पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांनीही 12 केली, पण पोरांवर लोड येतोय म्हणून पालक भडकले अन् बव्हेरियानं तर परत 13 केली. कॅनडाच्या ओंटारिओत उलटं झालं, तिथलं तेरावं वर्ष 2003 ला बंद झालं. फिलिपिन्समध्ये तर शाळाच 10 वर्षांची, 2013 च्या कायद्यानं ती 12 झाली.

अमेरिकेत 12+4, म्हणून आपल्या तीन वर्षांच्या बीए-बीएस्सीला तिकडं मास्टर्ससाठी बऱ्याच ठिकाणी अडवतात, आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांची डिग्री आली त्यामागं हेही आहेच.

जर्मनीसाठी नुसती बारावी असली तर साधारण एक वर्षाचं श्टुडिएनकोलेग (विद्यापीठाआधीचा तयारीचा कोर्स) करावं लागतं. इथं डिग्रीचं पहिलं वर्ष पास केलं किंवा जेईई ॲडव्हान्स्ड निघाली तर ठरावीक शाखांना सरळ अर्ज करता येतो.