अणुबॉम्बवर प्रकल्प: तेव्हाचा कागद आणि नंतरची आठवण

सोलापुरातल्या कुठल्याही कॉलेजात इतिहासाचे प्रकल्प जमा झाले की 'अणुबॉम्बचा इतिहास' त्यात असतोच. मुखपृष्ठावर छत्रीसारखा ढग, पहिल्या पानावर अणुबॉम्ब बनवणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञांचा प्रमुख ओपेनहायमर याचं 'मी काळ झालो आहे' आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'प्राथमिक साधन'. वाचणारा इथेच वैतागतो.

प्राथमिक साधन म्हणजे त्या काळातलं किंवा घटनेतल्या माणसाचं, दुय्यम म्हणजे त्यावरून नंतर इतरांनी लिहिलेलं. हा फरक तुम्हाला पाठ आहे, तो जास्त उगाळत नाही. मोबाईलवर वाचलेलं स्कॅन केलेलं पत्र हेही पत्रच, एवढं लक्षात असू द्या. अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्ब यांचीही गल्लत होते, पण तीही किरकोळ. पहिल्यात जड अणुकेंद्रं फुटतात. दुसऱ्यात हलकी अणुकेंद्रं जुळतात आणि ती जुळवायला आधी पहिल्या प्रकारचा स्फोट लागतो. हिरोशिमा आणि नागासाकी, दोन्हीकडे पहिला प्रकार होता. झालं.

खरा घोळ 'प्राथमिक' या खान्याच्या आत आहे. घटना घडत असताना लिहिलेला कागद आणि त्याच घटनेत असलेल्या माणसाने वीस वर्षांनी सांगितलेली आठवण, दोन्ही त्याच खान्यात टाकले जातात. शिवकालाचा विषय असला की आपली मुलं पत्र कोणतं आणि बखर कोणती हे बरोबर ओळखतात. इंग्रजी आत्मचरित्र समोर आलं की ही शिस्त कुठे जाते, कळत नाही.

ओपेनहायमरचंच बघा. ट्रिनिटी, म्हणजे अणुबॉम्बची पहिली चाचणी, १६ जुलै १९४५ ची. ज्या चित्रफितीमुळे ते वाक्य घरोघरी पोचलं, ती १९६५ ची. त्यातही तो 'मी म्हणालो' असं म्हणत नाही, गीतेतली ओळ 'आठवली' असं म्हणतो. त्याचा भाऊ फ्रँक तिथे हजर होता. त्याच्या सांगण्यानुसार शब्द साधेच होते: 'जमलं.' अर्थात हीसुद्धा नंतरचीच आठवण! मग त्या वेळचा कागद कोणता? बॉम्ब प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्हज यांनी १८ जुलै १९४५ ला अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांना पाठवलेला अहवाल. त्यात ग्रोव्हज यांचे सहायक जनरल फॅरेल यांनी पाहिलेला ओपेनहायमर आहे: शेवटच्या क्षणी श्वास रोखून खांबाला धरून उभा आणि स्फोटानंतर चेहऱ्यावर प्रचंड सुटकेचा भाव. काळपुरुष वगैरे काही नाही. १९६५ ची चित्रफीत निरुपयोगी आहे असं नाही. ओपेनहायमरला पुढे त्या पहाटेकडे कसं बघावंसं वाटलं, हा तुमचा प्रश्न असेल तर तीच कामाची.

आकड्यांत हा घोळ जास्त महागात पडतो. 'बॉम्ब टाकला नसता तर पाच लाख अमेरिकन सैनिक मेले असते' हे वाक्य जणू १९४५ च्या फायलीतून उचलल्यासारखं लिहिलं जातं. तो आकडा बॉम्ब टाकला तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष ट्रुमन यांच्या १९५५ च्या आत्मचरित्रातला आहे. त्याआधी १९४७ च्या फेब्रुवारीत स्टिमसन यांनी एका मासिकात दहा लाखांहून जास्त लिहिले होते, पण त्यात जखमीही धरले होते. मृत आणि हताहत (म्हणजे मृत अधिक जखमी) यांची सरमिसळ करणाऱ्यांचे गुण मी तरी बिनदिक्कत कापेन. आता १८ जून १९४५ च्या व्हाइट हाउसमधल्या बैठकीचं टिपण काढा. जपानच्या क्युशू बेटावर चढाई केली तर पहिल्या तीस दिवसांत फिलिपिन्समधल्या लुझोनच्या लढाईपेक्षा जास्त सैनिक हताहत होऊ नयेत, असा लष्करप्रमुख जनरल मार्शल यांचा अंदाज त्यात आहे आणि लुझोनचा आकडा ३१ हजार दिला आहे. हा फक्त पहिल्या महिन्याचा अंदाज, पूर्ण युद्धाचा नव्हे, म्हणून दोन आकडे थेट वजा करून कुणाला खोटं ठरवू नका. पण एक युद्ध चालू असतानाचा आहे आणि दुसरे दोन बॉम्ब टाकण्यावर टीका सुरू झाल्यानंतरचे, हे प्रकल्पात दिसलंच पाहिजे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग जुना कागद खरा आणि आठवण खोटी. तसंही नाही. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीला सरकारने 'शांततापूर्ण अणुस्फोट' म्हटलं. त्या वेळचे कागद तेच सांगतात. त्या वेळी भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रमुख असलेले राजा रामण्णा १९९७ मध्ये उघड म्हणाले की तो बॉम्बच होता. म्हणजे इथे तेवीस वर्षांनंतरची आठवण जास्त मोकळी निघाली. पण १९७४ मध्ये भारताने जगाला काय सांगितलं, याला पुरावा १९७४ चाच लागणार, रामण्णांची मुलाखत नाही.

माझं मत विचाराल तर सोलापूरच्या मुलांनी मॅनहॅटन प्रकल्पापेक्षा, म्हणजे अमेरिकेच्या या अणुबॉम्ब योजनेपेक्षा, पोखरण घ्यावं. मे १९७४ च्या मराठी दैनिकांच्या फायली जुन्या वाचनालयांत शोधता येतात, लोकसभेतल्या चर्चा मोबाईलवर वाचता येतात आणि भाषांतराच्या कुबड्या लागत नाहीत. हिरोशिमाच हवं असेल तर ट्रुमन ग्रंथालयाने बरेच मूळ कागद इंटरनेटवर फुकट ठेवलेले आहेत, ते वाचा. यूट्यूबवरचे पार्श्वसंगीतवाले व्हिडिओ नकोत.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे दोन तारखा लिहा, घटना कधीची आणि लिहिलं-बोललं कधी. दोन्हींत वर्षांचं अंतर दिसलं तर वाक्य 'तो म्हणाला' असं न लिहिता 'पुढे १९६५ मध्ये त्याने सांगितलं' असं लिहा.