कुत्र्याचा गुडघा कुठे असतो?

माझी भाची आठवीत आहे. मे महिन्यात ती आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आली, तेव्हा तिच्या वहीत एक पहारेकरी होता. डोकं शेकरूचं, अंग घोरपडीचं, हातात भाला. भीमाशंकरला पाहिलेलं शेकरू आणि तानाजीच्या गोष्टीत ऐकलेली घोरपड तिने एकत्र आणली होती. मला कल्पना फार आवडली. पण त्याच्या मागच्या पायांकडे नजर गेली की वाटायचं, हा आता कोसळणार. "मावशी, काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही," ती म्हणाली.

मी तिला खाली सोसायटीच्या फाटकाशी नेलं. तिथे काळू असतो, बिस्किटाच्या आशेने कितीही वेळ उभा राहणारा. "याच्या मागच्या पायाचा गुडघा दाखव," मी म्हटलं. तिने पायाच्या साधारण मध्यावर मागच्या बाजूला टोकासारखं निघालेलं हाड दाखवलं. बहुतेक सगळे तेच दाखवतात आणि वर म्हणतात की कुत्र्याचे गुडघे उलटे वाकतात. खरं तर ते हाड म्हणजे टाच. गुडघा वर असतो, पोटाला लागून, कातडीच्या घडीत जवळजवळ लपलेला, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. कुत्रा जन्मभर चवड्यांवर चालतो, इतकंच. भाचीने तिथेच चवड्यांवर उभं राहून गुडघे वाकवले, एक हात स्वतःच्या टाचेवर ठेवला आणि काळूकडे पाहत राहिली. पुढे काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

मनात आलेला प्राणी कागदावर जिवंत वाटावा असं ज्याला वाटतं, त्याने सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे. सस्तन प्राण्यांच्या सांगाड्याचा आराखडा एकच आहे. खांदा, कोपर, मनगट, बोटं. खुबा, गुडघा, टाच, बोटं. क्रम कधी बदलत नाही, बदलते ती फक्त लांबी आणि जाडी. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, मधल्या. त्याच्या पुढच्या पायाचा जो 'गुडघा' आपण म्हणतो ते त्याचं मनगट. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबच लांब बोटांमध्ये ताणलेली कातडी. जिराफाच्या मानेत मणके सातच, उंदराच्याही मानेत सातच.

हे सगळं एका सकाळी पाहायचं असेल तर कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय गाठा (बुधवारी बंद असतं). अस्वल आपल्यासारखं टाच टेकवून चालतं, म्हणून ते दोन पायांवर उभं राहिलं की माणसासारखं वाटतं. वाघ बोटांवर चालतो. हरीण खुरांवर, म्हणजे थेट नखांच्या टोकांवर. या तिघांचे मागचे पाय वहीत शेजारी शेजारी काढून प्रत्येकाची टाच लाल पेन्सिलीने रंगवली, की ती कशी वर वर सरकत गेली ते दिसतं.

"पण कुत्रा तर मी रोज बघते," भाचीने विचारलं, "मग मला त्याचा पाय का येत नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. १९७९ साली अमेरिकेत रेमंड निकरसन आणि मेरिलिन अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना रोजच्या वापरातलं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. हजारो वेळा हातातून गेलेलं नाणं, पण चेहरा कुठल्या बाजूला वळलेला आहे, कोणती अक्षरं कुठे आहेत, हे बहुतेकांना जमलं नाही. दहा रुपयांच्या नाण्यावर आपलीही तीच गत होईल. मेंदू ओळखण्यापुरतं जपून ठेवतो. 'हा कुत्रा' हे कळायला टाच किती उंचीवर आहे ते लागत नाही, त्यामुळे ते साठवलंच जात नाही. फोटो समोर ठेवणं म्हणजे नक्कल असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. जे डोक्यात कधी शिरलंच नाही ते डोक्यातून कसं निघणार?

समोर पाहून काढतानाही स्मरणशक्तीच मध्ये असते, फक्त क्षणभराची. नजर फोटोवरून कागदावर येईपर्यंत जेवढं टिकेल तेवढंच हात काढतो. चित्र काढणाऱ्यांच्या नजरेचे जे अभ्यास झाले, त्यांत दिसलं की हुबेहूब काढणारे लोक वस्तूकडे थोडा थोडा वेळ, पण वारंवार पाहतात. शिकाऊ माणूस एकदा बघतो आणि मग बराच वेळ खाली मान घालून काढत बसतो. एक रेघ काढली की वर बघायचं, एवढी सवय लावून घेतली तरी आठवड्याभरात हातात फरक पडतो.

ज्यांना वाटतं की आपल्या डोळ्यांसमोर चित्र उभंच राहत नाही, त्यांनीही निराश होऊ नये. काही माणसांना मिटल्या डोळ्यांनी काहीच दिसत नाही. या स्थितीला २०१५ साली 'अफँटेझिया' असं नाव मिळालं. डिस्नेसाठी एरियल ही जलपरी रेखाटणारे चित्रकार ग्लेन कीन यांनाही हीच स्थिती आहे. त्यांचं चित्र मनात तयार होऊन कागदावर उतरत नाही, ते कागदावरच रेघांमधून घडत जातं.

आता फोटोबद्दल. फोटोवर आंधळा विश्वास टाकू नका. काळूच्या नाकापासून २० सेंटिमीटरवर मोबाइल धरला आणि त्याचे कान आणखी २० सेंटिमीटर मागे असले, तर कान दुप्पट अंतरावर आहेत. म्हणजे नाक कानांच्या मानाने दुप्पट मोठं येणार. तोच फोटो दोन मीटरवरून झूम करून काढला तर फरक दहा टक्क्यांचा राहतो. आपण उभ्यानेच फोटो काढतो, त्यामुळे लहान प्राण्यांचे पाय आखूड दिसतात ते वेगळंच. प्रमाणं शिकायची असतील तर लांबून आणि प्राण्याच्या उंचीवर बसून काढलेला फोटो घ्या. एकाच प्राण्याचे समोरून, बाजूने, मागून असे पाच-सहा फोटो हवेत. धावणारा प्राणी हवा असेल तर मोबाइलचा संथ व्हिडिओ वापरा. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली, तेव्हा कुठे कळलं की घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली दुमडलेले असताना. त्याआधी कितीतरी चित्रकार पुढचे पाय पुढे, मागचे मागे असे ताणलेले घोडे रंगवत आले होते.

फोटोवरून काढताना कातडी, केस, पट्टे सगळं बाजूला ठेवायचं. आधी तीन अंडाकृती: कवटी, छातीचा पिंजरा, कंबर. त्यांना जोडणारी कण्याची एक रेघ. मग सांध्यांचे ठिपके. एवढ्यावर थांबून दुसऱ्या प्राण्याचंही असंच काढायचं, आणि जोडकाम करायचं ते या दोन सांगाड्यांचं. भाचीच्या पहारेकऱ्याचं घोडं इथेच अडलं होतं.

घोरपड घरी कुठून आणणार? पण पाल होती. रात्री ट्यूबलाइट लागली की स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून ती येते. आम्ही दिवा घालवला नाही, ओटा आवरला आणि काचेच्या आतून तिचं पोट पाहत बसलो. तिचे दंड आणि मांड्या शरीराच्या बाजूला आडव्या निघतात, कोपरं बाहेर. ती चालली की सगळा कणा डावीकडे, मग उजवीकडे वळतो, पाण्यातल्या माशासारखा. घोरपडीचंही तसंच. सस्तन प्राण्यांचे पाय मात्र शरीराच्या खाली येतात आणि खार पळते तेव्हा तिचा कणा वर-खाली वाकतो. म्हणजे भाचीपुढे खरा प्रश्न कण्याचा होता. पहारेकरी पालीसारखा वळवळत चालणार की खारीसारखा उड्या मारत? तिने पाय घोरपडीचे बाजूला पसरलेले काढले होते आणि वजन शेकरूसारखं खाली टाकलं होतं. पडणारच तो.

दोघं एका बाबतीत मात्र छान जुळतात, चढण्यात. घोरपड नख्या रोवते. खारीचा घोटा असा फिरतो की मागचा पंजा उलट दिशेला वळतो, म्हणून ती झाडावरून डोकं खाली करून उतरू शकते. कडा उतरणाऱ्या पहारेकऱ्याला हा घोटा द्यायचा, असं आमचं ठरलं.

डोळ्यांचं काय? त्यासाठी बकरी पाहावी. बकरीची बाहुली आडवी, फटीसारखी असते, मांजरीची उभी. प्राण्यांच्या २१४ प्रजातींचा अभ्यास करून २०१५ साली संशोधकांनी मांडलं की चरणाऱ्या, शिकार होणाऱ्या प्राण्यांत आडवी बाहुली जास्त आढळते, कारण तिने जमिनीलगतचा विस्तीर्ण पट्टा दिसतो. लपून बसून झडप घालणाऱ्या छोट्या शिकाऱ्यांत ती उभी असते. वाघाची मात्र गोल. आणि बकरी चरायला मान खाली घालते तेव्हा? आम्ही नदीकाठी चरणाऱ्या एका बकरीजवळ उकिडव्या बसून हे पाहिलं. मान खाली गेली, तोंड जमिनीला लागलं, पण बाहुली तशीच जमिनीला समांतर. डोळाच खोबणीत फिरतो. भाचीने चार वेळा पाहिलं तेव्हा तिचा विश्वास बसला.

प्राण्याला स्वभाव द्यायचा असेल तर डोळ्याचा पांढरा भाग वाढवतात, कारण नजर कुठे आहे ते माणूस त्यावरून वाचतो. कुत्र्याला भुवईचा आतला कोपरा उचलणारा एक ठसठशीत स्नायू असतो, लांडग्यात तो फारसा नसतो, हे २०१९ साली दाखवलं गेलं. काळूचा बिस्किटासाठीचा केविलवाणा चेहरा तिथून येतो.

या सगळ्याचं एक जुनं उदाहरण आपल्याच बाजूचं आहे. गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. जर्मनीतल्या अल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने तो कधीच पाहिला नाही. कुणाच्या पत्रातलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशासाठी चित्र काढलं. पाठीवर एक जादा शिंग, अंगावर चिलखताच्या पट्ट्या, पायांवर खवले. चूक आहे, पण तो गेंडा जमिनीवर भारदस्त उभा आहे, आणि दोनशेहून अधिक वर्षं युरोपात त्याच्या नकला होत राहिल्या. मला वाटतं, याचं कारण ड्यूररच्या आधीच्या कामात आहे: १५०२ साली त्याने काढलेल्या सशाच्या चित्रात केसाखालची हाडंसुद्धा जाणवतात.

पुण्यातही एक गेंडा आहे. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या मंदिरात, मोरावर बसलेल्या तीन सोंडांच्या मूर्तीच्या बाहेर, दर्शनी भिंतीवर गोरे शिपाई साखळीने गेंड्याला बांधतायत. अठराव्या शतकातलं काम. भाचीला तिथे नेलं तेव्हा तिने मोबाइलवर खऱ्या गेंड्याचा फोटो उघडला, आणि खांद्याची घडी, मांडीची घडी, मागची टाच असं एकेक दगडावर शोधत गेली.

पहारेकऱ्याचा कणा तिने अखेर घोरपडीचाच ठेवला. चारही पाय चालायला लागणार म्हणून हात मोकळे राहिले नाहीत. भाला आता पाठीवर आडवा बांधलाय, आणि तो चालला की भाल्याची टोकं डावी-उजवीकडे झुलतात.