एकच सबनेट मास्क, लिहायच्या चार तऱ्हा

अँड्रॉइड फोनच्या वाय-फायला स्टॅटिक (हाताने ठरवलेला, न बदलणारा) आयपी पत्ता द्यायला गेलात की ‘प्रीफिक्स लेंथ’च्या रकान्यात २४ लिहावे लागते. विंडोजच्या अ‍ॅडाप्टर प्रॉपर्टीजमध्ये त्याच जागी २५५.२५५.२५५.० लिहितात. मॅकवर इफकॉन्फिग ही आज्ञा चालवा, तर शून्य-एक्सपुढे सहा एफ आणि दोन शून्ये (सोळाच्या पायाची, म्हणजे हेक्स लिपी) दिसतात. तिन्हींचा अर्थ एकच: पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, ते सांगणारा सबनेट मास्क. प्रीफिक्सच्या रकान्यात २५५.२५५.२५५.० भरले आणि सेटिंग सेव्ह झाले नाही, तर चूक ही असते.

आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा, मास्कही ३२ बिटांचा. मास्कमध्ये डावीकडून आधी सलग १, मग सलग ०. जिथे १ तो भाग नेटवर्कचा, जिथे ० तो यंत्राचा. प्रीफिक्स लेंथ, म्हणजे /२४ मधला स्लॅशनंतरचा आकडा, म्हणजे फक्त १ किती, ते. ही रीत १९९३ मध्ये सीआयडीआर या पत्तेवाटपाच्या पद्धतीबरोबर आली.

१९२.१६८.१०.७७/२६ घेऊ. २६ म्हणजे ८+८+८+२. शेवटच्या ऑक्टेटमध्ये (आठ बिटांच्या गटात) ११००००००, म्हणजे १२८+६४=१९२. म्हणून मास्क २५५.२५५.२५५.१९२. आता ७७ म्हणजे ०१००११०१. दोन्ही एकाखाली एक मांडा आणि दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवा. उरते ०१००००००, म्हणजे ६४. हा नेटवर्कचा पत्ता. शेवटचे सहाही बिट १ केले की १२७, हा ब्रॉडकास्ट, म्हणजे सबनेटमधल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता. यंत्रांना ६५ ते १२६, एकूण ६२ पत्ते. मास्कमध्ये १९० दिसला तर तो चुकलाच समजा: १०१११११० मध्ये १ सलग नाहीत.

याच यंत्रावर चुकून /२४ टाकला तर? शेजारच्या सबनेटमधला .१३० हा प्रिंटर त्याला आपल्याच नेटवर्कात वाटतो. पाकीट गेटवेकडे (बाहेर नेणाऱ्या राउटरकडे) न पाठवता ते यंत्र एआरपीने, म्हणजे ‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ असे विचारून, थेट हाक मारते. ती हाक राउटर ओलांडत नाही आणि प्रॉक्सी एआरपी (राउटरने दुसऱ्याच्या वतीने उत्तर देणे) नसेल तर उत्तर येत नाही. इंटरनेट मात्र व्यवस्थित चालते, म्हणून संशय प्रिंटरवर जातो. मास्क बदलून इंटरनेट वेगवान होते, हा प्रचार निव्वळ खोटा आहे. मास्क एवढेच ठरवतो की पाकीट थेट द्यायचे की गेटवेकडे.

चौथी तऱ्हा सिस्को राउटरच्या अ‍ॅक्सेस लिस्टमधली (कोणते पाकीट जाऊ द्यायचे, कोणते अडवायचे याची यादी), वाइल्डकार्ड. इथे सगळे उलटे: ० म्हणजे जुळवा, १ म्हणजे सोडा. प्रत्येक ऑक्टेट २५५ मधून वजा करा. /२६ साठी ०.०.०.६३. तिथे सवयीने २५५.२५५.२५५.१९२ लिहिले, तर राउटर पहिले २६ बिट सोडून शेवटचे सहाच तपासतो. मग १९२.१६८.१०.६४ च्या नियमात ०, ६४, १२८ किंवा १९२ ने संपणारा जगातला कुठलाही पत्ता बसतो, आणि ७७ बाहेर राहतो.