केल्पचं जंगल

केल्पचं जंगल म्हणजे थंड समुद्रात, किनाऱ्याजवळच्या खडकाळ तळावर माजलेलं मोठ्या तपकिरी शैवालाचं रान. कॅलिफोर्निया, अलास्का, चिली, दक्षिण आफ्रिका, नॉर्वे, टास्मानिया अशा ठिकाणी ते आढळतं. केल्प झाडासारखं दिसतं पण ते झाड नाही, त्याला खरी मुळं नसतात, तळाशी बोटांसारखा एक गुंता असतो तो फक्त खडक धरून ठेवतो आणि खाणंपिणं सगळं पात्यांमधून थेट पाण्यातून होतं. जायंट केल्पच्या प्रत्येक पात्याच्या बुडाशी हवेचा छोटा फुगा असतो, त्यामुळे तो उभा तरंगतो आणि वर पृष्ठभागावर पसरून छप्पर करतो. सगळं जुळून आलं तर हा दिवसाला अर्धा मीटरसुद्धा वाढतो!

तळाच्या त्या गुंत्यात किडे, खेकडे, ब्रिटल स्टार (तारामाशांचे बारीक हातांचे भाऊबंद) खचाखच भरलेले असतात, पात्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात.

पण या जंगलाचं जगणं-मरणं ठरतं ते सी अर्चिनवर, म्हणजे त्या काटेरी गोळ्यांवर. जंगल धडधाकट असेल तर अर्चिन कपारीत बसून राहतात आणि तुटून वाहत आलेले तुकडे खातात, कोणाला काही त्रास नाही. तुकडे कमी पडले आणि अर्चिनना खाणारं कोणी उरलं नाही की ते बाहेर पडतात आणि जिवंत केल्प बुडापासून कुरतडतात. अर्चिन खाणाऱ्या सी ऑटरची, म्हणजे समुद्रातल्या पाणमांजरांची, फरसाठी बेसुमार शिकार झाली, १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर त्यांना संरक्षण मिळालं, आणि १९७० च्या दशकात अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर जेम्स एस्टेस या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ऑटर आहेत तिथे केल्प आहे, नाहीत तिथे नुसते अर्चिन.

उत्तर कॅलिफोर्नियात तर दुहेरी मार बसला. २०१३ पासून रोगाने सनफ्लॉवर स्टार मेले, हे मोठे तारामासे अर्चिन खायचे, आणि मागोमाग समुद्रात उष्णतेची लाट आली. काही वर्षांत तिथलं ९० टक्क्यांहून जास्त बुल केल्प (केल्पचीच एक जात) गेलं. आता तळावर जांभळे अर्चिन उपाशीपोटी वर्षानुवर्षं तग धरून बसतात, फोडला तर आत जवळजवळ काहीच नसतं, त्यामुळे ऑटरसुद्धा त्यांच्या वाटेला जात नाहीत, म्हणून नुसते ऑटर आणून सोडले की काम झालं असं मानणं चूक आहे.

टास्मानियात पाणी तापल्यामुळे जायंट केल्प जवळपास संपलं. तिथे आता गरम पाणी सोसणारं केल्प निवडून, त्याची रोपं वाढवून समुद्रात लावतायत.