इंग्लंडची केअर होम आणि औषधांना दाद न देणारे जंतू: नियम उशिरा का पोहोचले

५ जुलै १९४८ या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन व्यवस्था सुरू झाल्या. पहिली राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस. तिथे उपचार सगळ्यांना मोफत. दुसरी नॅशनल असिस्टन्स कायद्याखालची वृद्धनिवासं; ती स्थानिक कौन्सिलांनी चालवायची आणि तिथे राहणाऱ्यांनी ऐपतीप्रमाणे पैसे भरायचे. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांना गरिबांना कोंडून ठेवणारी जुनी वर्कहाउस पुसून टाकायची होती. म्हाताऱ्या माणसांनी हॉटेलातल्या पाहुण्यासारखं मानानं राहावं, अशी त्यांची कल्पना. ती उदात्तच होती. पण आजारी माणूस एका खात्याकडे आणि थकलेला माणूस दुसऱ्या खात्याकडे, ही वाटणी तेव्हा झाली ती अजून पुरती मिटलेली नाही. तिथल्या काळजीसेवेत जंतूंविरुद्धचं काम इतकं उशिरा का सुरू झालं, याचं उत्तर मला या वाटणीतच दिसतं.

स्टॅफिलोकॉकस हा नाकात, कातडीवर राहणारा आणि जखमा चिघळवणारा जंतू. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर तोडगा म्हणून मेथिसिलिन हे औषध आलं. ते वापरात येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच १९६१ मध्ये लंडनच्या कॉलिंडेल इथल्या प्रयोगशाळेत पॅट्रिशिया जेव्हन्स यांना त्यालाही पुरून उरणारे नमुने सापडले. हाच एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस. १९९०च्या दशकात त्याच्या ईएमआरएसए-१५ आणि ईएमआरएसए-१६ या दोन वाणांनी ब्रिटिश रुग्णालयांत ठाण मांडलं. आणि नेमक्या त्याच काळात, १९९०च्या कम्युनिटी केअर कायद्याच्या आगेमागे, वृद्धांचे दीर्घ मुक्कामाचे वॉर्ड बंद होत होते. तिथली माणसं बहुतेक खासगी मालकीच्या केअर होममध्ये, म्हणजे वृद्धनिवासांत, जाऊ लागली. जाताना नाकात, जांघेत हा जंतू सोबत नेत. त्यांना त्याचा काही त्रास नसे. पुढे एखादी जखम चिघळली की तोच जंतू घेऊन पुन्हा रुग्णालय.

सरकारनं पाऊल उचललं ते रुग्णालयांपुरतं. रक्तात शिरलेल्या एमआरएसएची नोंद २००१ पासून सक्तीची झाली. २००३-०४ मध्ये वर्षाला सात हजारांवर रुग्ण मोजले गेले, तेव्हा आरोग्यमंत्री जॉन रीड यांनी २००८ पर्यंत हा आकडा निम्म्यावर आणायचं जाहीर केलं, आणि तो निम्म्याहूनही खाली आला. हात धुणं, सलाईनच्या नळीची निगा, भरतीआधी तपासणी, सगळं कसोशीनं झालं. हे यश मोठं आहे, त्यात वाद नाही. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या लीड्समधल्या पाहणीत केअर होममधल्या सुमारे २२ टक्के रहिवाशांच्या अंगावर एमआरएसए आढळला. म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त! रुग्णालयाच्या फाटकाबाहेर मोजायला कुणी उभंच नव्हतं.

मार्गदर्शक पुस्तिका त्याआधीही निघत होत्या, पण कायद्याचा धाक आला तो २००८च्या हेल्थ अँड सोशल केअर कायद्यानं. त्याखालची संसर्ग-प्रतिबंधाची आचारसंहिता ऑक्टोबर २०१० पासून काळजीसेवेलाही लागू झाली आणि केअर क्वालिटी कमिशन या देखरेख करणाऱ्या संस्थेचे निरीक्षक होममध्ये त्याबद्दल विचारू लागले. तोवर संकटानं रूप बदललं होतं. आता धास्ती होती आतड्यातल्या, कार्बापेनेमसारख्या राखीव औषधालाही दाद न देणाऱ्या जंतूंची. या जंतूंमधल्या, औषध निकामी करणाऱ्या एका एन्झाइमला न्यू दिल्लीचं नाव दिल्यावरून २०१० मध्ये आपल्याकडे उसळलेला संताप अनेकांना आठवत असेल. नाकातला एमआरएसए मलमानं बराचसा घालवता येतो; आतड्यातल्या या जंतूंवर तसा उपाय नाही, माणूस महिनोन्‌महिने ते बाळगत राहतो. त्यांच्याविषयी रुग्णालयांसाठी सविस्तर मार्गदर्शन निघालं डिसेंबर २०१३ मध्ये. केअर होम आणि घरपोच सेवेसाठी? जून २०१५ मध्ये.

होमची अडचण खरी आहे, हेही सांगायला हवं. रुग्णालयात रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवता येतं. होम हे त्या माणसाचं घर आहे. केवळ अंगावर जंतू आहे म्हणून एखाद्या आजीला महिनोन्‌महिने खोलीत बसवणं, जेवणाच्या टेबलापासून तोडणं हा अन्यायच. म्हणून ब्रिटिश मार्गदर्शनाचा भर हात धुणं, जखम नीट झाकणं, मलमूत्र हाताळताना हातमोजे-एप्रन आणि बदलीच्या वेळी जंतूची माहिती पुढच्या ठिकाणी कळवणं यांवर राहिला. माझ्या मते तोच योग्य मार्ग.

दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. होममधल्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू असतात. लघवीसाठी कायमची नळी लावलेली असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. तरी आजी जरा गोंधळल्यासारखी वाटली की लघवीत तपासणीची पट्टी बुडवायची, रंग बदलला की डॉक्टरकडून प्रतिजैविक लिहून घ्यायचं, हा शिरस्ता वर्षानुवर्षं चालला. पासष्टीनंतर संसर्गाच्या निदानासाठी ही पट्टी वापरू नका, लक्षणं पाहा, आणि मुळात पुरेसं पाणी पाजा, असं इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला बजावून सांगावं लागलं.

मग २०२० आलं. मार्च-एप्रिलमध्ये रुग्णालयं रिकामी करताना अनेक वृद्धांना कोविडची चाचणी न करताच होममध्ये धाडलं गेलं. लक्षणं नसलेल्यांकडूनही लागण होऊ शकते याचा विचार न करणारं ते धोरण बेकायदा होतं, असा निकाल एप्रिल २०२२ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं दिला. विषाणू वेगळा, पण वाट तीच: वॉर्डातून होमकडे. मे २०२० मध्ये सरकारनं ६० कोटी पौंडांचा निधी दिला, त्यामागे एक हेतू होता की कर्मचाऱ्यांना या होमातून त्या होमात कामाला जावं लागू नये आणि आजारपणात घरी थांबल्यास पगार बुडू नये. कमी पगाराची ही माणसं ताप अंगावर काढून का येतात, हा प्रश्न संसर्ग-प्रतिबंधाचाच आहे, हे तेव्हा पहिल्यांदा खर्चाच्या कागदावर आलं.

२०२२च्या मार्चमध्ये प्रौढांच्या काळजीसेवेसाठी स्वतंत्र संसर्ग-प्रतिबंध पुस्तिका आली, डिसेंबरमध्ये आचारसंहिता सुधारली गेली. रक्तातल्या संसर्गाची सक्तीची नोंद मात्र अजूनही रुग्णालयांच्या यंत्रणेतूनच होते. होममधली आजी त्या आकड्यात येते ती रुग्णालयात पोहोचल्यावर.