फिटच्या गोळ्या चालू असलेल्या कुत्र्या-मांजरांच्या घरच्यांसाठी

आमच्याकडून फिटची औषधं नेणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती, फिट येत नाही म्हणून गोळी बंद करू नका. दोन महिने काही झालं नाही की आजार गेला असं वाटतं, पण बहुतेक वेळा त्या गोळीनेच फिट आवरून धरलेली असते आणि फेनोबार्बिटोन (फिटवर नेहमी दिली जाणारी गोळी) एकदम थांबवलं तर आधीपेक्षा जोरात, लागोपाठ फिट येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचाच झाला तर डॉक्टर हळूहळू करतात. त्यामुळे गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच आम्हाला कळवा.

फेनोबार्बिटोन सुरू केल्यावर कुत्रा झोपाळतो, मागचे पाय लडखडतात, पाणी खूप पितो, सारखी शू होते आणि खा-खा सुटते. घाबरू नका, झोप आणि तोल साधारण २ आठवड्यांत सुधारतो, भूक मात्र राहते म्हणून खाणं मोजूनच द्या नाहीतर वजन वाढत जातं. औषधाची रक्तातली पातळी स्थिर व्हायलाही तेवढेच दिवस लागतात, मग रक्ततपासणी, आणि पुढे दर ६ महिन्यांनी लिव्हरसकट तपासणी. ही टाळू नका प्लीज. डोळे-हिरड्या पिवळ्या दिसल्या किंवा खाणंच सोडलं तर लगेच डॉक्टर.

पोटॅशियम ब्रोमाइड हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर रोजच्या खाण्यातलं मीठ अचानक कमी-जास्त करू नका, मीठ वाढलं की औषध लघवीतून लवकर निघून जातं. मांजराला पोटॅशियम ब्रोमाइड अजिबात नको, फुप्फुसांना सूज येऊ शकते. मांजराला डायझेपामची गोळीही तोंडावाटे देऊ नका, काही मांजरांचं लिव्हर त्याने निकामी होतं.

डोस चुकला तर आठवल्यावर द्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, डबल कधीच नको. माणसांची पातळ औषधंही परस्पर पाजू नका, काहींमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असतं, कुत्र्यांना ते विष आहे.

फिट आली की घड्याळ बघा, आजूबाजूचं सामान सरकवा, तोंडात हात घालू नका, जीभ गिळली जात नाही पण तुमची बोटं चावली जातील. ५ मिनिटांत थांबली नाही किंवा २४ तासांत दुसरी आली तर वाट न बघता दवाखाना गाठा, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.